दोन कार्डे, एक चित्र

प्रत्येकी चार जीबी मेमरी असलेली दोन ग्राफिक्स कार्डे एकाच संगणकात बसवली, त्यांच्यावर जोडपट्टी लावली आणि ड्रायव्हरमध्ये ती एक म्हणून चालवली, तर खेळाला मेमरी किती मिळते? चारच जीबी. तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडून त्यांवर एकच दृश्य पसरवणाऱ्या खेळाडूंना हे गणित वर्षानुवर्षे जाचत आले. १९२० बाय १०८० चा एक मॉनिटर म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. तसे तीन मांडले की ६२,२०,८०० पिक्सेल दर फ्रेमला नव्याने रंगवावे लागतात, म्हणजे श्रम तिप्पट आणि मेमरीची भूकही वाढलेली. दुसरे कार्ड घातल्याने श्रम वाटले जात, मेमरी मात्र वाढत नसे. दृश्यातले सगळे साहित्य, भिंतींचे पोत, झाडांचे आकार, सावल्यांचे नकाशे, प्रत्येक कार्डाला स्वतःपाशी वेगळे ठेवावेच लागे. एकाने दुसऱ्याच्या मेमरीत डोकवायचे म्हटले तर त्या फेरीतच फ्रेमची वेळ टळून जाई. हा प्रश्न केवळ तंत्राचा वाटतो, पण त्याच्या तळाशी भारतीय दर्शनांनी हजाराहून अधिक वर्षे घासून पाहिलेला प्रश्न आहे. भाग जोडले की खरोखर एक वस्तू तयार होते, की भागांच्या समूहाला आपण फक्त एक नाव देतो? कार्डांच्या या इतिहासात मला दोन्ही बाजूंना थोडे हलवणारा पुरावा दिसतो. एकपण म्हणजे नुसते नाव नाही आणि भागांवर येऊन बसलेले वेगळे द्रव्यही नाही. एका भागात घडलेले दुसऱ्या भागाला किती पुरेपूर आणि किती वेळेत कळते, यावर ते ठरते. म्हणूनच ते कमीजास्त असू शकते.

नावाची बाजू सर्वांत सुबकपणे मांडली ती मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भदंत नागसेनांनी. सागल नगरीचा, म्हणजे आजच्या सियालकोट भागाचा, ग्रीक राजा मिलिंद रथात बसून आला होता. नागसेन त्याला विचारतात की दांडा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का. आणि प्रत्येकाला नकार आल्यावर राजालाच मान्य करावे लागते की भाग एकत्र आले म्हणजे 'रथ' हा व्यवहार होतो, भागांपलीकडे रथ नावाचे काही सापडत नाही. (बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव दिले, तेव्हा प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांनाही सारखाच मान मिळाला. मला ती निवड फार मोलाची वाटते.) न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, याला कडाडून विरोध केला. अवयवांहून निराळा अवयवी मानला नाही तर काहीच दिसणार नाही, कारण परमाणू तर इंद्रियांना दिसत नाहीत, असा गौतमाच्या न्यायसूत्रांचा युक्तिवाद आहे. पुढचा युक्तिवाद असा की एक टोक धरून ओढले की सबंध वस्तू येते, सुट्या कणांची रास तशी येत नाही. सेना आणि वन लांबून एक दिसतात पण असतात अनेक, तशीच प्रत्येक वस्तू, हा आक्षेपही न्यायसूत्रांनी नोंदवला आणि खोडला. पुढे बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने नैयायिकांना अडचणीत धरले: हात हलला आणि बाकीचे शरीर स्थिर राहिले, तर तुमचा एकसंध अवयवी हलला म्हणायचा की स्थिर राहिला?

ग्राफिक्स कार्डे जोडण्याची पहिली गाजलेली पद्धत नागसेनांच्या बाजूने साक्ष देते. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ या कार्डाच्या दोन प्रती एकाच संगणकात लावता येत. एक कार्ड चित्राच्या सम ओळी काढी, दुसरे विषम, आणि दोन्ही मिळून एक कार्ड ८०० बाय ६०० वर थांबे तिथे १०२४ बाय ७६८ पर्यंत जात. खेळणाऱ्याला पडद्यावर एकच चित्र दिसे. इथे 'एक' म्हणण्यासारखे वेगळे काय होते? दोन कार्डे आणि त्यांच्यातला ओळींचा करार, एवढेच. करार चोख असल्याने नाव पुरेसे ठरले. पण ते का पुरले, हे नीट पाहायला हवे. त्या काळच्या चित्रात सातवी ओळ काढायला सहाव्या ओळीत काय आले हे माहीत असण्याची गरज नव्हती. कालच्या फ्रेमशी आजच्या फ्रेमचा काही संबंध नव्हता. एकमेकांची आठवण न लागणारे काम दोघांत वाटले तर दोघे एक असल्यासारखे दिसतात. तिथे एकपणाची परीक्षाच झालेली नसते.

परीक्षा झाली ती पुढच्या पिढीत. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली, आणि २००४ मध्ये जीफोर्स ६८०० च्या पिढीबरोबर कार्डे जोडण्याची कल्पना परत आली. २००५ मध्ये एटीआयनेही तशीच जोड काढली. आता बहुतेक वेळा ओळी वाटल्या जात नसत, अख्ख्या फ्रेम वाटल्या जात: पहिली या कार्डाने काढायची, दुसरी त्या कार्डाने, तिसरी पुन्हा याने. दर सेकंदाच्या फ्रेम मोजल्या की आकडा घसघशीत वाढलेला दिसे. २००९ मध्ये एएमडीने एकाच रेडिऑन कार्डावर तीन मॉनिटर चालवून दाखवले. एनव्हिडियाच्या २०१० च्या कार्डांना मात्र प्रत्येकी दोनच पडदे हाकता येत, म्हणून तीन पडद्यांसाठी दोन कार्डे जोडणे भागच पडे. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पर्यंत ही सक्ती टिकली. आणि याच काळात खेळणारे एक तक्रार सातत्याने करत राहिले, की आकडा साठ सांगतो पण चित्र अडखळते. समजा सेकंदाला साठ फ्रेम येत आहेत, पण एक अंतर आठ मिलिसेकंदांचे आणि पुढचे पंचवीसचे, असे आळीपाळीने. सरासरी साठाचीच निघते, डोळ्याला मात्र चाळिसाच्या आसपासची चाल जाणवते. २०११ नंतर काही परीक्षकांनी सेकंदातल्या फ्रेमची नुसती संख्या सोडून दोन फ्रेममधला काळ मोजायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये पडद्यावर प्रत्यक्ष काय उमटते ते टिपले. तेव्हा दिसले की एएमडीच्या जोडीत काही फ्रेम इतक्या चिंचोळ्या उमटत होत्या की त्या मोजणीपुरत्याच होत्या. त्याच वर्षी एएमडीला फ्रेमची लय सांभाळणारा ड्रायव्हर काढावा लागला.

या प्रसंगाचे तात्त्विक वजन मोठे आहे. ड्रायव्हरने नाव दिलेच होते, खेळाला एकच यंत्र दाखवले जात होते आणि व्यवहारही चालू होता. तरीही एकपण नव्हते, आणि ते नव्हते हे आधी डोळ्याला कळले, मग मोजमापाला. सामान्य समजूत आणि संकेत यांच्या पलीकडे एकपणाला काही अट आहे, ती पाळली गेली नाही तर नाव टिकूनही वस्तू फुटते. रथ ही फक्त संज्ञा आहे असे म्हणणाऱ्याला हे उत्तर द्यावे लागेल की काही संज्ञा प्रत्यक्षाकडून खोट्या का पडतात. नागसेनांच्या बाजूने कोणी म्हणेल की त्यांनी 'कसेही गोळा केलेले भाग' असे म्हटलेच नव्हते, योग्य रीतीने जुळलेले भाग असेच त्यांना अभिप्रेत होते. मान्य. पण मग सगळा भार 'योग्य रीतीने' या दोन शब्दांवर येतो, आणि त्यांचा आशय उलगडणे हेच खरे काम उरते.

नैयायिकाला मात्र याने हुरूप येण्याचे कारण नाही. ओढले की सगळे येते ही त्याची कसोटी २०१२ च्या जीटीएक्स ६९० या कार्डाला लावून पाहा. एकच पाटी, एकच पंखा, एकच खाच. एक टोक धरून उपसले की सगळे हातात येते. आत मात्र दोन चिपा, प्रत्येकीची दोन जीबी मेमरी वेगळी, आणि खोक्यावर लिहिलेल्या चार जीबींपैकी खेळाच्या वाट्याला दोनच. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाला ही अडचण ठाऊक होती. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूड ओढल्यावर एकत्र येतात, म्हणून त्यांतून नवे द्रव्य निपजले असे होत नाही, हे त्यानेच सांगून ठेवले आहे. आपल्या पक्षाचा दुबळा युक्तिवाद स्वतः उघडा करण्याचा हा प्रामाणिकपणा आपल्या वादपरंपरेचे खरे वैभव आहे. उलट बाजूने पाहिले तर ज्याला आपण निःशंकपणे 'एक' कार्ड म्हणतो त्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ गणकघटक आणि ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. धर्मकीर्तीचा प्रश्न तिथेही लागू होतो: काही घटक कामात, काही रिकामे, मग कार्ड कामात आहे की रिकामे? तरीही त्या हजारो घटकांत अडखळणे नसते, कारण ते सगळे एकाच मेमरीतून वाचतात आणि तिच्यातच लिहितात. धातूच्या तुकड्यांची संख्या एकपण ठरवत नाही.

मग ठरवते काय? जोडकार्डांचा शेवट कशाने झाला ते पाहिले की उत्तर समोर येते. गेल्या दशकात खेळांची चित्रे काढण्याची रीत बदलली. कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेममधले रंग वापरायचे, प्रकाशाच्या विरळ किरणांतला खडबडीतपणा मागच्या अनेक फ्रेमच्या आधाराने पुसायचा, कमी पिक्सेल काढून बाकीचे पूर्वीच्या चित्रांवरून भरायचे, हे सर्वत्र रुळले. म्हणजे प्रत्येक फ्रेमला आता मागच्या फ्रेमची आठवण लागते. आणि आळीपाळीच्या पद्धतीत मागची फ्रेम नेमकी दुसऱ्या कार्डाने काढलेली, दुसऱ्याच्या मेमरीत पडलेली. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ ने कार्डे जोडण्याची सगळी मोकळीक खेळ बनवणाऱ्यांच्या हाती दिली, तरी फार थोड्यांनी ती वापरली. २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या खेळांसाठी ड्रायव्हरमध्ये जोडीची सोय करणे थांबवले, आणि २०२२ च्या ४०९० वर जोडपट्टीची जागाच उरली नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आत्म्यासाठी जो युक्तिवाद आहे तो इथे शब्दशः लागू पडतो. डोळ्याने पाहिलेली वस्तू हातानेही ओळखली जाते, म्हणून पाहणारे इंद्रिय आणि स्पर्शणारे इंद्रिय यांहून वेगळा, दोन्ही धरून ठेवणारा कोणी एक हवा. एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. दुसऱ्या अध्यायातल्या अवयवीपेक्षा तिसऱ्या अध्यायातली ही स्मृती कितीतरी भक्कम आहे असे मला वाटते. घट एक का, हे सांगताना नैयायिक अडखळतो. जाणणारा एक का, हे सांगताना त्याचे बोट नेमक्या जागी पडते.

पण तो तिथून जिथे जातो, म्हणजे नित्य आणि न बदलणाऱ्या आत्म्याकडे, तिथवर पुरावा जात नाही. बौद्धांचे उत्तर असे की एका क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणाकडे सोपवला जातो, ही संततीच स्मरणाला पुरेशी आहे, मध्ये कोणी साठवणारा लागत नाही. कार्डांच्या बाबतीत हा प्रश्न आकड्यांनी तपासता येतो, आणि हा सगळा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआय या कार्डाची स्वतःच्या मेमरीशी देवाणघेवाण सेकंदाला ६१६ जीबी इतकी होती. दोन कार्डांमधल्या पुलावरून दोन्ही दिशा मिळून १०० जीबी जात. पूल मेमरीच्या सहाव्या हिश्श्याचाही नव्हता. ती जोडी दोनच राहिली. आता २०२२ ची ॲपलची एम-१ अल्ट्रा पाहा. ती दोन चिपा जोडूनच केलेली आहे, पण त्यांच्यातला पूल सेकंदाला अडीच टीबीचा आणि मेमरीचा वेग ८०० जीबीचा. पूल आठवणीपेक्षाही रुंद. तिथे दोन्ही चिपांच्या वाट्याची मेमरी बेरजेने मिळून १२८ जीबीपर्यंत गेली आणि प्रणालींना ती एकच चिप म्हणून वापरता आली. एनव्हिडियाच्या २०२४ च्या बी-२०० मध्येही दोन चिपा आहेत; त्यांच्यातला दुवा दहा टीबीचा, मेमरी आठ टीबीची. कोणतेही नवे द्रव्य अवतरलेले नाही, नावही नुसते बदललेले नाही. सोपवण्याचा वेग आठवण्याच्या वेगाच्या पुढे गेला आणि दोनाचे एक झाले. तेही शंभर टक्के नाही: एम-१ अल्ट्राची चित्रे काढण्याची ताकद सगळ्याच कामांत दुपटीला पोचली नव्हती. एकपणाला पायऱ्या आहेत असे मी म्हणतो ते यासाठी.

यंत्रांवरून जाणिवेबद्दल बोलता येणार नाही, असा आक्षेप इथे येईल. रथ आणि घट हीसुद्धा यंत्रे आणि वस्तूच होत्या, आणि दोन्ही पक्षांनी त्यांवरूनच माणसाबद्दल निष्कर्ष काढले, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे माणसाच्या डोक्यातून येते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा पूल, तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांत शस्त्रक्रियेने तोडला गेला, आणि १९६० च्या दशकात रॉजर स्पेरी व मायकेल गझानिगा यांनी त्या रुग्णांवर प्रयोग केले. स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळाले ते या कामासाठी. नजरेच्या डाव्या बाजूला वस्तूचे चित्र क्षणभर दाखवले की रुग्ण तोंडाने सांगे, काही दिसले नाही. पण त्याचा डावा हात, पडद्याआड ठेवलेल्या वस्तूंतून चाचपून, नेमकी तीच वस्तू उचली. पाहणारा आणि स्पर्शणारा एक, बोलणारा दुसरा. न्यायसूत्रातला युक्तिवाद जणू मधोमध चिरला गेला. आत्मा जर विभु आणि अखंड असेल, तर तंतू तोडल्याने त्याच्या ज्ञानात ही फट का पडावी? आणि तरीही रोजच्या जगण्यात हेच रुग्ण एकेकच माणूस होते, कारण डोळे फिरतात, दोन्ही अर्धगोल तेच जग पाहतात, शरीर एक असते. मोठा पूल गेला तरी लहान वाटा शिल्लक राहतात. त्यांची जाणीव खरोखर दुभंगली होती का, यावर आजही संशोधकांत मतभेद आहेत. एकपण कमीजास्त असते असे धरले तर हे मतभेद संपत नाहीत, पण ते का संपत नाहीत हे कळते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आपल्या घरचा आहे. ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या पहिल्याच प्रकरणात शिवशक्तीचे ऐक्य सांगताना दिलेल्या दृष्टांतांत दोन डोळ्यांनी होणाऱ्या एका दर्शनाचाही दृष्टांत आहे. त्या दृष्टीने पाहिले तर माझी सगळी मांडणी उलटी ठरते. मी दोनापासून निघून एकाकडे जातो. ज्ञानदेवांसाठी एकच आधी आहे आणि दोन हा त्याचा विलास आहे. पूल बांधून साधलेले ऐक्य म्हणजे दोनपणाची कबुलीच, असे अद्वैती म्हणेल. हे मी खोडू पाहत नाही. पण ते ऐक्य घडतही नाही आणि मोडतही नाही, म्हणून ते सर्वत्र सारखेच असणार: फुटलेल्या जोडीत आणि जुळलेल्या जोडीत, अखंड मेंदूत आणि चिरलेल्या मेंदूत. मग या दोहोंतला फरक त्यातून कळणार नाही. व्यवहारातल्या एकपणाला व्यवहारातलीच कारणे शोधावी लागतील, आणि ती शोधल्याने ज्ञानदेवांच्या अनुभवाला उणेपणा येत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी नैयायिकाचाच आहे. स्मृतीला पायऱ्या असतील, तो म्हणेल, पण 'मला आठवते' यातल्या 'मी'ला पायऱ्या नाहीत. पुसट आठवणही पूर्णपणे माझीच असते. कार्डांना हा प्रश्न पडत नाही, कारण चित्र त्यांच्यासाठी नसते. तीन मॉनिटरांच्या चौकटींमधली काळी फट ओलांडून दृश्य सलग होते ते पाहणाऱ्यापाशी. माझा पुरावा इथे तोकडा पडतो, हे मला मान्य आहे. तो कामाच्या एकपणाची अट दाखवतो, आपलेपणाची नाही. पण आपलेपणाही त्याच अटीतून येतो असे मानायला जागा आहे. दुसऱ्याचा अनुभव माझ्यापर्यंत शब्दांच्या अरुंद वाटेने येतो, उशिरा आणि विरळ. कालच्या माझा अनुभव आजच्या मला देहाच्या सवयींसकट, भीतीसकट, आवडीसकट मिळतो. उद्या दोन माणसांच्या मेंदूंमध्ये त्या वीस कोटी तंतूंइतका रुंद पूल बांधता आला, तर आत्मे किती, एक की दोन, हे नैयायिकाला ठामपणे सांगावे लागेल, कारण त्याच्या मते मधले उत्तर संभवतच नाही. बौद्धाला तेव्हा हे सांगावे लागेल की संस्कार किती वाहू लागले म्हणजे 'तुझे' याचे 'माझे' होते. या दोन जबाबदाऱ्यांपैकी दुसरी मला पेलण्याजोगी वाटते, कारण तिचे उत्तर निदान मोजता येण्यासारखे आहे.